हार्ड डिस्क बंद पडण्यापूर्वीच घ्या तिची संपूर्ण प्रत
मुक्त सॉफ्टवेअरमुळे काम विनामूल्य शक्य. स्रोत आणि लक्ष्य ओळखण्यात मात्र गफलत नको

प्रतिनिधी

परभणी : खरीप पीक विम्याची मुदत संपण्यास दोन दिवस उरले आहेत, सेवा केंद्राबाहेर शेतकऱ्यांची रांग लागली आहे आणि नेमक्या त्याच वेळी संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली, तर? नवी डिस्क परभणीच्या बाजारात तासाभरात मिळू शकते. परंतु त्या डिस्कवर विंडोज टाकणे, प्रिंटर, स्कॅनर व बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचे ड्रायव्हर बसविणे, डिजिटल स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर आणि मराठी टंक पुन्हा कार्यान्वित करणे, यात एक-दोन दिवस सहज निघून जातात. जुनी कागदपत्रे तर परत मिळतीलच याची खात्री नसते.

जी गोष्ट सेवा केंद्राची, तीच जिंतूर-गंगाखेडच्या फोटो स्टुडिओची, सेलू-पाथरीच्या डीटीपी व्यावसायिकाची आणि मोंढ्यातील आडत दुकानाच्या हिशेबाची. डिस्कची किंमत काही हजारांत मोजता येते; तिच्यातील लग्नसमारंभांची छायाचित्रे, पाच वर्षांचे हिशेब किंवा नमुना अर्जांचा संग्रह यांची किंमत मोजता येत नाही. या संकटावरचा उपाय खर्चिक नाही. संपूर्ण हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढून ठेवणारी दर्जेदार साधने मुक्त सॉफ्टवेअरच्या रूपाने विनामूल्य उपलब्ध आहेत. ती वापरण्याची योग्य वेळ मात्र डिस्क चालू असतानाचीच असते.

फाइली उतरवून घेणे पुरेसे का नाही?

बहुतेक जण महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घेतात आणि निश्चिंत होतात. ही सवय चांगलीच आहे, तथापि अपुरी आहे. संगणक सुरू होताना लागणारा आरंभ-भाग, विभाजनांचा तक्ता, ऑपरेटिंग सिस्टीम, बसविलेली सॉफ्टवेअर्स आणि त्यांची मांडणी या गोष्टी फाइल कॉपी केल्याने दुसऱ्या डिस्कवर जात नाहीत. कार्यक्रमांचा फोल्डर जसाच्या तसा उचलून नव्या डिस्कवर ठेवला, तरी त्यातील बरीच सॉफ्टवेअर्स चालत नाहीत, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

पारंपरिक हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे. तिच्यातील चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेतात आणि त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतर राखून वाचक-शीर्ष तरंगत असते. उन्हाळ्यात बेचाळीस अंशांपुढे जाणारा पारा, बंदिस्त खोलीतील धूळ आणि विजेचा लपंडाव या तिन्ही गोष्टी अशा यंत्राला मानवणाऱ्या नाहीत. लिहिण्याचे काम सुरू असताना वीज गेल्यास फाइलींची रचनाच बिघडू शकते. नव्या एसएसडीमध्ये फिरते भाग नसतात, त्यामुळे ती वेगवान आणि धक्क्यांना टिकणारी असते. मात्र ती बिघडताना अनेकदा आवाजाची किंवा मंदावण्याची पूर्वसूचनाही देत नाही. म्हणजे प्रत काढून ठेवण्याची गरज दोन्हींना सारखीच.

नक्कल, प्रतिमा आणि विभाजन

या विषयात तीन शब्द वारंवार येतात. त्यांतील फरक समजला की पुढचे काम सोपे होते.

पहिला शब्द 'क्लोनिंग', म्हणजे नक्कल. एका डिस्कवरील सर्व मजकूर थेट दुसऱ्या डिस्कवर उतरविला जातो. काम संपल्यावर दुसरी डिस्क पहिलीच्या जागी बसवायची आणि संगणक सुरू करायचा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविताना ही पद्धत उपयोगी पडते.

दुसरा शब्द 'इमेजिंग', म्हणजे प्रतिमा. येथे संपूर्ण डिस्कचा मजकूर संकुचित करून काही फाइलींच्या रूपात दुसऱ्या डिस्कवर साठविला जातो. एकाच बाह्य डिस्कवर अनेक संगणकांच्या किंवा एकाच संगणकाच्या वेगवेगळ्या तारखांच्या प्रतिमा ठेवता येतात. नियमित सुरक्षेसाठी हाच मार्ग सोयीचा.

तिसरा शब्द 'पार्टिशनिंग', म्हणजे विभाजन. एकाच शेतात बांध घालून तुकडे पाडावेत, तसे डिस्कचे सी, डी, ई असे भाग केलेले असतात. कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत, याची नोंद विभाजन-तक्त्यात असते. शेताचा जसा फाळणी नकाशा. हा तक्ता दोन पद्धतींचा असतो. जुन्या 'एमबीआर' पद्धतीत चारच मुख्य विभाग करता येतात आणि सर्वसाधारण डिस्कवर सुमारे २ टेराबाइटपलीकडील जागा वापरता येत नाही. नव्या 'जीपीटी' पद्धतीत विंडोजवर १२८ विभागांपर्यंत सोय आहे आणि आकाराची ती अडचण उरत नाही.

'घोस्ट'पासून 'क्लोनझिला'पर्यंत

संगणक दुरुस्ती करणाऱ्या जुन्या मंडळींना 'घोस्ट' हे नाव चांगले ठाऊक असते. न्यूझीलंडमधील मरे हॅसझार्ड यांनी १९९५मध्ये हे सॉफ्टवेअर तयार केले. १९९८मध्ये अमेरिकेतील सिमँटेक कंपनीने ते विकत घेतले आणि 'नॉर्टन घोस्ट' या नावाने ते जगभर पोहोचले. विभाजनासाठी प्रसिद्ध असलेल्या 'पार्टिशन मॅजिक'ची पॉवरक्वेस्ट ही कंपनीही २००३मध्ये सिमँटेकच्याच ताब्यात गेली. ही दोन्ही सॉफ्टवेअर्स विकत घ्यावी लागत. पुढे कंपनीने 'पार्टिशन मॅजिक' गुंडाळले आणि २०१३मध्ये 'नॉर्टन घोस्ट'ची विक्रीही थांबविली.

दरम्यानच्या काळात मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात पर्याय उभे राहिले होते. विभाजनासाठीचे 'जीपार्टेड' २००४मध्ये सुरू झाले. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात स्टीव्हन शियाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्लोनझिला' विकसित केले. या साधनांची मुळे त्याहूनही जुनी आहेत. डिस्कवरील मजकूर जसाच्या तसा उतरवणारी 'डीडी' ही आज्ञा युनिक्स प्रणालीत १९७०च्या दशकापासून आहे आणि लिनक्सच्या प्रत्येक संगणकावर ती आजही सापडते.

'मोफत' आणि 'मुक्त' यांतील फरक

विनामूल्य मिळणारे प्रत्येक सॉफ्टवेअर 'मुक्त' नसते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. मुक्त सॉफ्टवेअरची संकल्पना चार स्वातंत्र्यांवर उभी आहे : कोणत्याही हेतूसाठी वापरणे, आतील आज्ञावली अभ्यासून बदलणे, इतरांना प्रती देणे आणि सुधारलेली आवृत्ती वाटणे. किंमत शून्य असणे हा त्याचा केवळ आनुषंगिक लाभ.

हा फरक तात्त्विक वाटला, तरी डिस्कच्या बाबतीत तो अगदी व्यावहारिक ठरतो. 'मॅक्रियम रिफ्लेक्ट' या लोकप्रिय सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती अनेक वर्षे उपलब्ध होती. कंपनीने ती बंद केली आणि तिच्या सुरक्षा दुरुस्त्या १ जानेवारी २०२४नंतर थांबल्या. मोफत देणाऱ्याने हात आखडता घेतला की वापरणाऱ्यापुढे पर्याय उरत नाही. पाच वर्षांपूर्वी काढलेली प्रतिमा उघडण्यासाठी ते सॉफ्टवेअरच मिळाले नाही, तर त्या प्रतिमेचा उपयोग काय? मुक्त सॉफ्टवेअरची आज्ञावली सर्वांसाठी खुली असल्याने मूळ लेखकाने काम सोडले तरी दुसरा कोणी ते पुढे नेऊ शकतो. 'रेस्क्यूझिला' हे साधन याच मार्गाने आले. आधीच्या 'रेडो बॅकअप'चे काम थंडावल्यावर त्यातूनच ते पुढे विकसित करण्यात आले.

महागडी सॉफ्टवेअर्स 'क्रॅक' करून वापरण्याची पळवाट तर टाळलेलीच बरी. अशा फाइलींबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतोच. शिवाय बेकायदा प्रत जाणीवपूर्वक वापरणे हा भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बनुसार गुन्हा आहे.

कोणत्या कामासाठी कोणते साधन?

क्लोनझिला : नक्कल आणि प्रतिमा या दोन्ही कामांसाठी. हे विंडोजच्या आत चालत नाही. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून वापरावे लागते. एनटीएफएस, एक्स्ट४ यांसारख्या ओळखीच्या रचनांमधील केवळ वापरलेला भागच ते उतरवते, त्यामुळे वेळ आणि जागा वाचते. पडदा मात्र जुन्या धाटणीचा, अक्षरांचा असतो. प्रतिमेतून एखादीच फाइल सहज बाहेर काढण्याची सोय त्यात नाही.

रेस्क्यूझिला : माऊसने चालणारे, नवख्यांना सोपे. क्लोनझिलाने काढलेल्या प्रतिमाही ते वाचू शकते.

जीपार्टेड : विभाग तयार करणे, लहान-मोठे करणे, सरकवणे. केलेले बदल आधी यादीत साठतात आणि 'अप्लाय' म्हटल्यावरच डिस्कवर घडतात. तोपर्यंत विचार बदलण्यास वाव असतो.

ग्नू डीडीरेस्क्यू : कुरकुरू लागलेल्या डिस्कसाठी. चांगले भाग आधी वाचून घ्यायचे, खराब जागांची नोंद ठेवायची आणि त्यांच्याकडे नंतर वळायचे, अशी त्याची पद्धत आहे. काम मध्येच थांबले, तरी नोंदीच्या आधारे तेथूनच पुढे सुरू करता येते.

टेस्टडिस्क आणि फोटोरेक : फ्रान्सचे ख्रिस्तोफ ग्रेनिए यांची ही जोडसाधने. चुकून पुसलेला विभाजन-तक्ता टेस्टडिस्क शोधून पुन्हा मांडू शकते. नकाशा फाटला म्हणून जमीन नाहीशी होत नाही, तसेच हे. फोटोरेक फाइलींच्या खुणांवरून छायाचित्रे व कागदपत्रे वेचून काढते, मात्र मूळ नावे बहुधा परत मिळत नाहीत. सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर कधीही साठवू नयेत; अन्यथा उरलेला मजकूरही पुसला जातो.

प्रतिमा कशी काढावी?

१. क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिलाची फाइल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी. 'रुफस' या मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ती पेन ड्राइव्हवर चढवावी. या कामात पेन ड्राइव्हवरील जुना मजकूर पुसला जातो.

२. विंडोजमधील डिस्क-तपासणी चालवून चुका दुरुस्त करून घ्याव्यात. त्यानंतर संगणक 'फास्ट स्टार्टअप' बंद करून पूर्णपणे बंद करावा. ही सुविधा सुरू असताना विंडोज अर्धवट निद्रावस्थेत राहते आणि डिस्कची स्थिती अपुरी नोंदलेली असते.

३. पुरेशी मोकळी जागा असलेली बाह्य डिस्क जोडावी. संगणक सुरू करताना बूट मेनूची कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडावा. कंपनीनुसार ही कळ एफ९, एफ१२ किंवा एस्केप अशी असते.

४. क्लोनझिलामध्ये 'डिव्हाइस-इमेज' हा पर्याय घ्यावा. डिस्कवरून थेट डिस्कवर नक्कल करायची असल्यास 'डिव्हाइस-डिव्हाइस'. नवख्यांसाठी 'बिगिनर' पद्धत पुरेशी आहे.

५. प्रतिमेच्या नावात संगणकाची ओळख आणि तारीख घालावी. शेवटी प्रतिमा वाचता येते की नाही हे तपासण्याचा पर्याय विचारला जातो. वेळ वाचवण्यासाठी तो टाळू नये.

वेळेचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला १०० मेगाबाइट वेग मिळाल्यास १ टेराबाइटची भरलेली डिस्क वाचण्यास सुमारे पावणेतीन तास लागतात. जुन्या यूएसबी २.० जोडणीवर वेग सेकंदाला ३० मेगाबाइटच्या आसपास राहिला, तर हेच काम सव्वानऊ तासांवर जाते. डिस्कवर २०० गिगाबाइटच मजकूर असेल, तर क्लोनझिला तेवढाच उतरवत असल्याने हा अवधी अनुक्रमे सुमारे ३५ मिनिटे आणि १ तास ५० मिनिटे इतका कमी होतो. तपासणीचा वेळ वेगळा. खर्च म्हणाल तर पेन ड्राइव्ह आणि बाह्य डिस्क एवढाच.

घात होतो तो येथे

सर्वांत मोठा धोका सॉफ्टवेअरमध्ये नसून घाईत आहे. नक्कल करताना 'स्रोत' म्हणजे भरलेली डिस्क आणि 'लक्ष्य' म्हणजे रिकामी डिस्क. लिनक्स प्रणाली डिस्कना 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावे देते. तेथे सी किंवा डी दिसत नाही. ही अदलाबदल झाली, तर रिकाम्या डिस्कचा रिकामेपणा भरलेल्या डिस्कवर उतरतो आणि सारे काही पुसले जाते. क्लोनझिला लिहिण्यापूर्वी पुनःपुन्हा संमती मागते, ती याचसाठी. डिस्कचा आकार, कंपनीचे नाव आणि मॉडेल क्रमांक कागदावर लिहून पडद्याशी ताडून पाहिल्याखेरीज 'होय' म्हणू नये. शक्य असल्यास स्रोत आणि लक्ष्य यांच्याखेरीज इतर सर्व डिस्क काढून ठेवाव्यात.

दुसरा धोका विजेचा. जीपार्टेडने विभाग सरकवताना मजकूर प्रत्यक्ष एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलत असतो. अशा वेळी वीज गेली, तर तो विभाग निकामी होऊ शकतो. संगणकाचा छोटा यूपीएस बहुतेक वेळा काही मिनिटांचाच आधार देतो; काम मात्र तासांचे असते. म्हणून लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घ्यावी किंवा इन्व्हर्टरची सोय असावी. विभाजनाला हात लावण्यापूर्वी प्रतिमा काढलेली असावी, हा नियम तर अपवाद न करता पाळावा.

तिसरी अडचण आकाराची. ५०० गिगाबाइटच्या हार्ड डिस्कऐवजी स्वस्त म्हणून ४८० गिगाबाइटची एसएसडी आणली जाते आणि क्लोनझिला नक्कल करण्यास नकार देते, कारण लक्ष्य डिस्क स्रोताइतकी किंवा त्याहून मोठी असावी, अशी त्याची मूळ अट आहे. मजकूर कमी असला तरी ही अट लागू होते. जाणकार आधी विभाग लहान करून यातून वाट काढतात. नवख्याने मोठी डिस्क घेणेच श्रेयस्कर. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइट दिसते, ती मात्र फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या, एवढाच तो फरक.

नक्कल पूर्ण झाल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून संगणक सुरू करू नये. दोन्हींची अंतर्गत ओळख एकच असल्याने विंडोजचा गोंधळ उडतो. तसेच 'बिटलॉकर'ने कुलूपबंद केलेली डिस्क असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली आधीच लिहून ठेवावी. अशा डिस्कवरील कोणता भाग वापरलेला आहे हे क्लोनझिलाला कळत नाही, त्यामुळे प्रतिमाही संपूर्ण विभागाएवढी मोठी होते.

आणि डिस्क आधीच टकटक आवाज करू लागली असेल, तर? तिच्यावर सॉफ्टवेअरचे प्रयोग करू नयेत. प्रत्येक वेळी ती सुरू केल्याने इजा वाढत जाते. अशा वेळी डिस्क उघडून दुरुस्त करणाऱ्या विशेष प्रयोगशाळेचाच मार्ग उरतो आणि तो स्वस्त नसतो.

संगणक प्रयोगशाळांना दिलासा

महाविद्यालये आणि एमएस-सीआयटीसारखे अभ्यासक्रम चालविणाऱ्या केंद्रांसाठी हे तंत्र विशेष उपयुक्त आहे. वीस-पंचवीस सारख्या संगणकांवर एकेक सॉफ्टवेअर बसवत बसण्याऐवजी एक संगणक नीट तयार करावा, त्याची प्रतिमा काढावी आणि ती इतरांवर उतरवावी. क्लोनझिलाची सर्व्हर आवृत्ती नेटवर्कवरून चाळीसहून अधिक संगणकांवर एकाच वेळी हे काम करू शकते. परीक्षेच्या आदल्या दिवशी व्हायरसने प्रयोगशाळा ठप्प झाली, तरी काही तासांत ती पूर्ववत होते.

येथे परवान्याचे भान मात्र ठेवावे लागते. सॉफ्टवेअरची नक्कल झाली म्हणून परवान्याची नक्कल होत नाही. विंडोजचा परवाना प्रत्येक संगणकासाठी स्वतंत्र हवा. लिनक्सच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्रीय संस्थेने २००७मध्ये आणलेली 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारलेली आहे आणि क्लोनझिलाच्या पेन ड्राइव्ह आवृत्तीचा पायाही डेबियनच आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविल्यामुळे अनेक चालू स्थितीतील संगणकांचे पुढे काय करायचे, असा प्रश्न संस्थांपुढे आहे. लिनक्स बसवून पाहण्याचा निर्णय घेतलाच, तर आधी जुन्या डिस्कची प्रतिमा काढावी. प्रयोग फसला, तरी मूळ स्थितीत परतण्याचा रस्ता खुला राहतो.

प्रत कोठे ठेवणार?

काढलेली प्रत त्याच टेबलाच्या खणात ठेवल्यास चोरी, आग किंवा पाणी यांपैकी एकच संकट दोन्ही डिस्क घेऊन जाते. २०२४ आणि २०२५च्या पावसाळ्यात मराठवाड्याने अतिवृष्टी अनुभवली. नदीकाठच्या गावांतील दुकानांत पाणी शिरणे ही दूरची शक्यता राहिलेली नाही. एक प्रत दुकानात आणि दुसरी घरी किंवा नातेवाइकांकडे, ही किमान काळजी घ्यावी. सेवा केंद्राच्या प्रतिमेत गावातील लोकांचे आधार क्रमांक, बँक पासबुके आणि सातबारे जसेच्या तसे उतरलेले असतात. त्यामुळे ती डिस्क कुलपात असावी आणि जुनी डिस्क विकताना केवळ फॉरमॅट करून देऊ नये. टेस्टडिस्क, फोटोरेकसारखी साधने कोणाच्याही हाती असतात.

सर्वांत शेवटचे आणि बहुधा राहून जाणारे काम म्हणजे प्रत पडताळून पाहणे. एखादी जादा डिस्क मिळवून तिच्यावर प्रतिमा उतरवावी आणि संगणक त्या डिस्कवर सुरू होतो का, हे एकदा तरी पाहावे. कधीच न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेले धान्य. पोत्यात किती आहे, हे गरजेच्या दिवशी कळून उपयोग नसतो. केंद्रचालकांना जून महिना यासाठी योग्य आहे. जुलैअखेरची गर्दी सुरू होण्यापूर्वी एका रात्रीत हे काम उरकता येते.